मागचे दोन पाय

—थांब थांब थांब, पाय नाही! कॅराव्हॅनचे पाय आधी नाही सोडायचे रे बाळा. आधी ती फळी घे, ती जाड, कोपरा जळलेली — हां, तीच — उजव्या चाकामागे ठेव आणि तुझी गाडी वीतभर मागे घे, म्हणजे चाक फळीवर चढेल. उजवी बाजू खाली आहे, दिसत नाही का तुला? मला तर नुसतं उभ्या उभ्या कळतं. घे, घे मागे, अजून — बस्स! आता चाकांना ठोकळे लाव. दोन्हीकडून. दोन्हीकडून म्हणजे दोन्हीकडून, पुढूनही आणि मागूनही, नाहीतर हूक सोडल्याबरोबर निघाली नदीकडे फिरायला. आणि हँडब्रेक ओढ. ओढलास? आता हूक सोड. तुमची स्वतःची कॅराव्हॅन नवीनच घेतलीय ना तुम्ही? कळतं रे, लाजू नकोस, काल संध्याकाळी तुझी बायको मागे उभी राहून हात हलवत होती आणि तू तिसऱ्यांदा त्या नळाला ठोकलंस, तेव्हाच सगळ्यांना कळलं. इथले सगळे ऊम, म्हातारे काका रे, बिअरचे डबे घेऊन बघायला जमले होते, त्यांची तर करमणूकच ती. वेर्नर म्हणालास ना नाव? मला टॅनी हेस्टा म्हण, मावशी म्हणतात तसं. मॅडम नको. मॅडम म्हटलं की मला वाटतं पोस्टाच्या खिडकीशी कुणीतरी भांडायला आलंय — बत्तीस वर्षं बसले मी त्या खिडकीत, वूस्टरला.

आता पुढचं ते छोटं चाक फिरव आणि नाक खाली घे. हळू. ती पाणसळ बघ, आत फरशीवर ठेवलीय, दारातून दिसते. बुडबुडा मध्ये आला की थांबायचं. ती पितळी पाणसळ बारेंडची आहे, माझ्या नवऱ्याची, रेल्वेत फिटर होता ना. घरात कुणी नवीन टेबल आणलं तरी हा आधी त्यावर पाणसळ ठेवायचा, मग जेवायला बसायचा. आमच्या लग्नाच्या केकखालीसुद्धा ठेवली होती — हसू नकोस, खरंच ठेवली होती, माझ्या आईने बघितलं आणि ती रडायला लागली, म्हणाली मुलीचं काही खरं नाही. तो आंघोळीला गेलाय. त्या बाथरूमपर्यंत काठी टेकत जातो, वाटेत दोन बाकांवर बसतो, येताना पुन्हा बसतो, म्हणजे आपल्याकडे अर्धा तास आहे. म्हणूनच तुला आत्ता हाक मारली. मॅनेजरने जागा बदलून दिली आणि तू आमची ही कॅराव्हॅन तुझ्या गाडीने इथे ओढून आणलीस हे बरंच झालं, तिकडे वाळू ओली होती, पाय रुतत होते, रोज सकाळी एक कोपरा खाली गेलेला. पण मला जागेचं काही नाही. मला तुझ्याकडून दुसरंच काम आहे.

सांगते. आधी बुडबुडा बघ. मध्ये आला? बघू — आला. आता पाय. हे घे हँडल. पुढचे दोन आधी. घड्याळासारखं फिरव, पाय जमिनीला लागला की अर्धा फेरा आणखी, बस्स. जास्त नाही! पायांनी कॅराव्हॅन उचलायची नसते, पाय नुसते टेकवायचे, डुगडुगू नये म्हणून. लोक काय करतात, पाणसळ बघायचा कंटाळा, पायांनीच उचलतात, मग पाय वाकतात, सांगाडा पिळवटतो आणि दार लागत नाही म्हणून दाराला शिव्या. अस्सं. खाली ती फरशीची चकती ठेव आधी. शाबास.

तर काम असं आहे. बारेंड आला की तुला विचारेल — तुला विचारणारच, कारण तू नवीन आहेस, माझ्यावर त्याचा विश्वास नाही — विचारेल की मागचे पाय टेकलेत का. तू म्हणायचं, हो ऊम, मी स्वतः टेकवले. मोठ्याने म्हणायचं. आणि मग तू आत जायचं आणि मागच्या पलंगावर धपकन बसायचं. तुझं वजन किती? नाही सांगायचं तर नको सांगू, दिसतंय ते पुरेसं आहे. तू बसलास आणि कॅराव्हॅन हलली नाही हे त्याने डोळ्यांनी बघायला हवं. एवढंच. मग कॉफी देते तुला, रस्क आहेत घरचे, बडीशेप घातलेले.

का म्हणजे? कारण तो आत येत नाही! तीन रात्री झाल्या, तो आत आलेला नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, कमरेत लोखंडी सळई, आणि ताडपत्रीखाली घडीच्या खुर्चीत दोन घोंगड्या पांघरून झोपतो. झोपतो कसला, बसतो. स्वतः वाकून पाय बघतो. हात लावून बघतो. काठीने ठोकतो. मग पायरीवर एक पाय ठेवतो आणि तिथेच अडकतो, आणि विचारतो, हेस्टा, मागचे टेकलेत ना? मी म्हणते, आत्ताच बघितलेस ना तू. तो म्हणतो, हो, बघितले खरं, पण तेव्हाही मला वाटलंच होतं ना बघितले म्हणून. आणि उतरतो खाली. मी मग उशी आणून देते.

आज वारा आग्नेयेकडून सुटलाय, तुला नाही कळणार, पण संध्याकाळी बघ, ही ताडपत्री उडायला बघेल. त्याच्या छातीत आधीच घरघर आहे. आणि शनिवारी रियान येतोय, आमचा मुलगा, प्रिटोरियाहून. तो वाईट नाही हं. चांगला आहे. चांगली माणसं फार अवघड असतात, त्यांच्याशी भांडता येत नाही. त्याने निघतानाच सांगितलंय, आई, ही शेवटची सुट्टी, मी येऊन बघणार, बाबा आत झोपत नसतील तर कॅराव्हॅन विकायची आणि तुम्ही दोघं वृद्धाश्रमात. खोली बघून ठेवलीय त्याने, बागेकडे खिडकी आहे म्हणे. बारेंडला विचारलं तर तो म्हणाला, रियान म्हणेल तसं. बारेंड! ज्याने उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, तो म्हणतो रियान म्हणेल तसं. मी भांडी घासत होते, धुतलेलं ताट पुन्हा घासायला घेतलं.

झाले पुढचे? मग मागे ये. मागचे जास्त महत्त्वाचे. का ते सांगू? ही बघ, दोनच चाकं आहेत हिला, आणि तीही मध्ये. गाडीचा हूक सोडला की हिला पुढे ते एक छोटं चाक आणि मागे काही म्हणजे काही नाही. अशा वेळी कुणी आत जाऊन मागे बसलं की शेपटी खाली आणि नाक आकाशात. पहिल्या खेपेला प्रत्येकाचं होतं असं. कुणाचा चहा सांडतो, कुणाची अंडी फुटतात, सगळे हसतात. आमचं पहिल्या खेपेला नाही झालं. आमचं एकेचाळिसाव्या वर्षी झालं.

मागच्या डिसेंबरात. इथे नाही, वर धरणाजवळ. बारेंड विसरला. वय झालं, होतं असं. एकेचाळीस वर्षं कधी विसरला नाही आणि त्या दिवशी मागचे पाय सोडायचे विसरला, आत जाऊन पलंगावर आडवा झाला आणि सगळी कलंडली. तो घसरत खाली आला, डोकं कपाटाच्या कोपऱ्यावर, कमरेचं हाड मोडलं. सहा आठवडे इस्पितळात. त्या दुपारचं त्याला काही आठवत नाही, डोक्याला मार बसल्यावर तेवढंच पुसलं जातं म्हणे, डॉक्टर म्हणाले. पण बाकी सगळं ठीक होतं रे त्याचं. डोकं तपासायला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं त्यांनी, बरोबर काढलं. शंभरातून सात सात वजा करत गेला, माझ्याआधी. पण रियानने पलंगाशेजारी बसून विचारलं, बाबा, पाय कसे विसरलात? आणि बारेंड त्याच्याकडे बघतच राहिला. तेव्हापासून बघ. गॅस बंद केला का, दोनदा जाऊन बघतो. मग तीनदा. नळ, दार, इस्त्री. गाडीच्या किल्ल्या त्याने आपणहून रियानच्या हातात दिल्या. सदुसष्टाव्या वर्षी मी ही कॅराव्हॅन ओढायला शिकले, रिकाम्या शाळेच्या मैदानावर, रडत रडत. डोकं गेलेलं नाही त्याचं, भरवसा गेलाय. आणि भरवसा गेला की डोकंही जायला लागतं, मी बघतेय ना रोज. परवा मला म्हणाला, हेस्टा, मी आणखी काय काय विसरलो असेन जे तू मला सांगितलंच नाहीस? आणि त्यात त्याचा काय दोष, हँडल मी खुंटीला लावलेलं, त्याला बिचाऱ्याला काय—

—फिरव तू. का थांबलास? फिरव. डावीकडचा अजून टेकला नाही.

काय म्हणाले मी? हँडल खुंटीला होतं म्हणाले. लावलं म्हणाले? मी? बरं. ऐकलंस तर ऐकलंस. कुठल्या तरी जन्मी कुणाला तरी सांगायचंच होतं, तू काय, उद्या-परवा निघून जाशील.

आमच्यात एक नियम होता. बारेंडचाच. चारही पाय टेकल्याशिवाय हँडल दाराआतल्या त्या खुंटीला लावायचं नाही. हँडल खुंटीला दिसलं म्हणजे पाय टेकले, आत जायला हरकत नाही, किटली चढवा. एकेचाळीस वर्षं. त्या दिवशी आम्ही भांडलो होतो. उन्हात पोचलो, तो कॅराव्हॅन मागे घेत होता, मी मागे उभी राहून हात दाखवत होते, आणि मी डावीकडे म्हटलं तेव्हा तो उजवीकडे गेला की मीच उजवं-डावं उलट दाखवलं, देव जाणे, पण झाडाला घासली. आणि तो खाली उतरून सगळ्यांसमोर म्हणाला — ते बिअरचे डबेवाले होतेच तिथे — म्हणाला, एकेचाळीस वर्षं झाली आणि हिला अजून उजवं-डावं कळत नाही. हसले सगळे. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या हातातलं हँडल हिसकावलं, म्हटलं जा तू, ऑफिसात नाव लिही, बर्फ आण, आज मी करते, बघू तुझ्यावाचून काय अडतं. गेला तो. मी पुढचे दोन पाय टेकवले. चांगले टेकवले, पाणसळीला बरोबर. आणि शेजारच्या मार्लीनने हाक मारली, ये गं हेस्टा, कॉफी तयार आहे, त्या बैलाला करू दे काम. मी हसले. आत हात घालून हँडल खुंटीला लावलं आणि गेले. असंच लावलं, हात गेला सवयीने. गवतात टाकलं असतं तर! पलंगावर फेकलं असतं तर! तो बर्फ घेऊन आला, त्याने दारातून बघितलं, हँडल जागेवर. मग कशाला वाकून बघेल? मीच त्याला वाकून न बघायची सवय लावली होती, एकेचाळीस वर्षं बरोबर वागून. मी दुसरा कप घेत होते तेव्हा आवाज आला.

इस्पितळाच्या व्हरांड्यात रियानने मला विचारलं, बाबांनी मागचे पाय सोडले नव्हते का? मी हो म्हटलं नाही. खरंच नाही म्हटलं, मला नीट आठवतंय. मी नाहीही म्हटलं नाही. मी मूग गिळून बसले. मला वाटलं, आधी हा जगू दे, मग सांगू. जगला. मग वाटलं घरी येऊ दे. घरी आला. मग वाटलं चालायला लागू दे. आणि तोवर सगळ्यांचं ठरून गेलं होतं, डॉक्टरांच्या कागदावर होतं, रियानच्या बायकोला माहीत, चर्चमध्ये सगळ्यांना माहीत, बारेंडला माहीत. खापर त्याच्या डोक्यावर फुटलं आणि मी फुटू दिलं.

असा बघू नकोस माझ्याकडे. माहितेय मला तू काय म्हणणार आहेस. सांगून टाका. तुम्हा तरुण लोकांना वाटतं सांगून टाकलं की झालं. मी काय प्रयत्न केला नाही? मी किती दुसऱ्या गोष्टी अंगावर घेतल्या माहितेय? त्याने चष्मा फ्रीजमध्ये ठेवला, मी म्हटलं मीच ठेवला, हातात लोणी होतं ना. त्याने गॅस चालू ठेवला एकदा, खरंच ठेवला होता, मी म्हटलं अरे मीच आत्ता दूध तापवून विसरले. वाढदिवस विसरला रियानचा, मी म्हटलं मीही विसरले. रोज काही ना काही. वाटायचं, त्या मोठ्या चुकीच्या बदली ही लहान लहान देणी फेडावीत. सुरुवातीला त्याला बरं वाटायचं. आता तो नुसता माझ्याकडे बघतो आणि गोड हसतो. तेच हसणं मला सोसत नाही.

टेकला? दोन्ही? बघू दे. हलव जरा. हां. दगडासारखी आहे आता. उत्तम काम केलंस, बारेंडने नावाजलं असतं तुला. तो बघ, येतोय. टॉवेल गळ्यात, केस ओले. त्या शेवटच्या बाकावर बसला नाही आज, थंडी वाजतेय त्याला. जा, आत जाऊन बस, धपकन — नको. थांब. वेर्नर, थांब तू. इथेच थांब, जाऊ नकोस, मी एकटी असले की माझं तोंड उघडत नाही.

बारेंड, ये. हा वेर्नर, शेजारचा. हो, तोच, नळवाला. त्याने टेकवलेत पाय, चारही, मी बघितले. — हो, मागचेही. — हात लावून बघ. — लागले ना? चल, आत चल. — बारेंड, पायरीवरून उतरू नकोस. माझ्याकडे बघ. पायांकडे नको, माझ्याकडे. धरणाजवळ, त्या दिवशी, तू नाही विसरलास. पाय सोडायचं काम तुझ्याकडे नव्हतंच, मी सोडत होते. तू बर्फ आणायला गेला होतास. हँडल माझ्याकडे होतं. मी पुढचे दोन केले आणि हँडल खुंटीला लावून मार्लीनकडे कॉफी प्यायला गेले. तू खुंटी बघून आत गेलास, जसा रोज जातोस. तुझं काही चुकलं नाही. तुझं डोकं ठीक आहे. मी वर्षभर गप्प बसले. रियानलाही बोलले नाही. ऐकतोयस ना? मी होते, बारेंड. मी.

— काय म्हणालास?

— नाही रे, नाही! खरं सांगतेय. — हसू नकोस! — मार्लीनला विचार. हो, वारली ती, ठाऊक आहे मला, पण — अरे, खरंच मी! देवाशपथ! — केसांवरून हात नको फिरवू माझ्या, ऐक ना, बारेंड, ऐक —

ऐकलंस, वेर्नर? म्हणतो, चष्माही तूच ठेवलास, गॅसही तूच, आणि आता हेसुद्धा. म्हणतो, माझ्यासाठी किती अंगावर घेशील गं, देवाने मला चांगली बायको दिली. म्हणतो, त्या पोरासमोर तरी असं खोटं बोलू नये.

उतरला खाली. घोंगडी मागतोय.

जा तू, बाळा. बायको वाट बघत असेल, जेवण गार होईल तुमचं. कॉफी उद्या देईन. आणि ते दार लोटून घे जाता जाता, वारा शिरतोय, आत कुणी झोपणार नाहीये.